पहिल्या रात्रीची झोप नंतर भरून निघत नाही
'रात्रभर जागून सराव करू, झोप सुट्टीच्या दिवशी भरून काढू' असं इथे चर्चेत कुणी म्हटलंय, ते मला पटत नाही. थकवा जाईल कदाचित, पण नजरेचं कौशल्य, म्हणजे सरावानं बारीक फरक चटकन टिपता येणं, असं उधारीवर चालत नाही. 2000 साली झोपेचे संशोधक स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. क्षणभर चमकणाऱ्या आडव्या रेघांत तिरप्या रेघांचा गट कसा मांडलाय ते ओळखायचं, असा सराव होता. सरावानंतरची पहिली रात्र ज्यांना जागवलं, त्यांना पुढच्या दोन रात्री झोपू दिलं तरी सुधारणा दिसली नाही. झोपलेल्यांची नजर मात्र मधे जादा सराव न करताच तल्लख झाली होती!

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की ही सुधारणा दृष्टिक्षेत्राच्या ज्या भागात सराव झाला तेवढ्यापुरतीच असते. म्हणजे बदल मेंदूच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यांवर होत असावा, कारण तिथल्या पेशी दृष्टिक्षेत्राचा आपापला छोटा भागच सांभाळतात.

दुपारच्या झोपेनंही अशी सुधारणा होते का, असं कुणी विचारलंय, तर हो, तीही चालते. झोपेच्या संशोधक मेडनिक यांच्या 2003 च्या प्रयोगात गाढ झोप आणि स्वप्नांची रेम झोप दोन्ही असलेल्या, तास-दीड तासाच्या झोपेनं फायदा झाला.