पडवीच्या छपराला मोडीतलं लाकूड: वापरावं की नाही?

रानवासा
भिंतीला टेकून छोटी एकपाखी पडवी काढायची असेल, तर तिचं लाकूड जुन्या मोडलेल्या बांधकामातलंच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. जुनं लाकूड आक्रसायचं तेवढं आक्रसलेलं असतं, पिळायचं तेवढं पिळलेलं असतं. नवं अर्धओलं लाकूड छपरावर चढवलं की तिथेच वाळतं, वाकतं आणि पत्र्याचे स्क्रू ढिले होतात. जुन्या सागाचा गाभा तर वाळवीलाही सहसा दाद देत नाही. असे वासे जळणात जाताना पाहून जीव तुटतो.

काटकोन
वाळलेलं म्हणजे भक्कम नव्हे. मोडीतल्या वाशाला जुन्या सांध्यांच्या खाचा असतात. ओझं आलं की वाशाची खालची कड ताणली जाते, मधोमध सर्वांत जास्त. चार इंच उंचीच्या वाशाला तिथे इंचभर खाच असेल, तर उरली तीन इंच. ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणजे १६ ची ९ झाली. शिवाय खाचेच्या कोपऱ्यातून चीर धावते ती वेगळीच. जुन्या लाकडाची फळी करा, बाक करा. डोक्यावर नको.

रानवासा
खाचेचा भाग कापून टाकायचा ना! पडवीला वासा लागतो आखूड, म्हणून तर ही जुन्या लाकडाची हक्काची जागा. लांब वाशाची टोकं भिंतीत गाडलेली असतात, ओल धरून तीच आधी कुजतात. तीही छाटावीत. मग टोच्या घेऊन खिळ्यांच्या भोकांभोवती दाबून बघा. सहज रुतला, किंवा उचकटल्यावर लांब धस न निघता ठिसूळ तुकडा पडला, तर वासा बाद. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला तरी बाद. उरलेला वासा जमिनीलगत दोन विटांवर टेकवा आणि मधे दोन माणसं उभी करा.

पागोळी
बारीक गोल भोकं दिसली तर वासा रात्रभर कागदावर ठेवा. सकाळी पिठासारखा ताजा भुगा पडलेला असेल तर कीड जिवंत आहे, ते लाकूड घरात आणूच नका. आणि जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. रेल्वेचे जुने स्लीपरही टाळा, त्यांत बहुधा क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरतात ते विषारी तेल, मुरलेलं असतं.

काटकोन
दोन माणसं मिनिटभर उभी राहिली, यावरून एवढंच कळतं की वासा आज मोडला नाही. कायमच्या ओझ्याखाली लाकडाला हळूहळू झोळ येतो. शिवाय उघड्या पडवीत वारा खालून शिरून छप्पर वर उचलतो. तिथे सगळी भिस्त जोडांवर. जुन्या भोकात नवा खिळा काय धरणार?

रानवासा
जुन्या भोकात खिळा मारूच नये. आरपार बोल्ट आणि लोखंडी पट्टी हवी. झोळाची भीती असेल तर वासे जवळ जवळ लावा. लाकूड फुकटात मिळत असताना दोन वासे जास्त गेले म्हणून काय बिघडलं?

पागोळी
वासे जुने चालतील, पण रिपा, म्हणजे वाशांवर पत्र्याखाली ठोकतात त्या आडव्या पट्ट्या, नव्याच घ्या. इंचभर रिपेत खिळ्याचं एक जुनं भोकही फार होतं, आणि पत्रे बसवताना माणूस तिच्यावरच पाय देतो.

काटकोन
रिपांबद्दल सहमत. त्यात भिंतीलगतचा आडवा पाटही धरा. सगळ्या वाशांची वरची टोकं त्याच्यावर आणि भिंतीवरून उतरणारं पाणीही तिथेच. एक वासा गेला तर बदलता येतो. पाट गेला तर अख्खं छप्पर उतरवावं लागतं.