मदत हवी आहे: मुधोळच्या पिल्लासाठी न मारणारा ट्रेनर (बेळगाव परिसर)

नमस्कार. येळ्ळूरला राहतो. घरात ७ महिन्यांचा मुधोळ कुत्रा आहे, काही जण कारवानी म्हणतात तोच. रंगावरून नाव तांब्या.

भात निघालं की आमच्या शिवारात खतासाठी मेंढरं बसवतात. मेंढरू दिसलं की हा सुटलाच. गेल्या महिन्यात एक कोकरू तोंडात धरलं. कोकरू वाचलं, पण धनगरमामांपुढं मला मान वर करवेना.

म्हणून शहरातून एक ट्रेनर बोलावले. पहिल्याच दिवशी गळ्यात साखळीचा फास घातला. पुढं गेला की हिसका. 'कूतको' (कन्नडमध्ये 'बस') म्हणाले, बसला नाही, परत हिसका. तिसऱ्या हिसक्याला पोरगं उभ्या उभ्या मुतलं. आई आतून आली, "शिकवूलास की मारूलास रे?" ते म्हणाले, ही जात हट्टी, मालक कोण ते एकदा कळायला लागतं. मी त्यांना पुन्हा बोलावलं नाही. महिन्याचे पैसे आधीच दिले होते, ते गेले.

आता सोप्यातल्या झोपाळ्याची कडी वाजली तरी हा माच्याखाली शिरतो. आणि गंमत म्हणजे बाबांनी चिमटीभर कुंदा (आमच्याकडची दुधाची मिठाई) दाखवला की 'बस' म्हणायच्या आधी बसतो. (कुंदा देऊ नका म्हणून सांगून थकलो.)

दुसरे एक ट्रेनर म्हणतात, महिनाभर कुत्रं आमच्याकडं ठेवा, तयार करून देतो, मधे भेटायला येऊ नका. ठेवू का? ट्रेनर चांगला की वाईट हे आधी कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
ठेवू नका. जिथं मालकाला बघायची बंदी, तिथं काय चालतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. शिवाय कुत्रं त्यांचं ऐकायला शिकेल. घरी आल्यावर तुमचं ऐकेलच असं नाही.

या धंद्याला परवाना लागत नाही, कोणीही पाटी लावतो. म्हणून सरळ विचारा: कुत्रं चुकलं की तुम्ही काय करता? 'करेक्शन', 'दणका', 'बॉस कोण ते दाखवतो' असलं काही आलं की चहा पाजून वाटेला लावा. दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला शिकवताना एकदा बघू द्या म्हणा. कुत्र्याची शेपटी पोटाखाली गेली असेल तर उत्तर मिळालंच.

मेंढरांचं म्हणाल तर तो हट्ट नाही. हे डोळ्यानं शिकार करणारं कुत्रं, पळणारं दिसलं की पळणारच, आणि पाठलाग हेच त्याचं बक्षीस. हिसक्यानं उलट मेंढरू दिसलं की गळा दुखतो एवढंच तो शिकेल, मग मेंढरांवरच चिडेल. कळप ठिपक्याएवढा दिसेल इतक्या लांब उभे राहा. त्यानं कळपाकडून मान वळवून तुमच्याकडं बघितलं की लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. दोन मिनिटं, मग घरी. अंतर आठवड्या-आठवड्यानं कमी करा. तोवर मोकळं सोडू नका, दहा मीटरची दोरी ठेवा. मुधोळचं डोकं मानेएवढंच निमुळतं असतं, साधा पट्टा सरकून निघतो. छातीचा हार्नेस घ्या, दोरी त्यालाच बांधा. मानेच्या हिसक्यांचं दुखणं राहिलंय का, तेही डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद २
आमच्याकडं मी 'बस' म्हणायचो, बायको 'सिट', शेजारच्या अक्का 'कूतको'. कुत्रं तिघांकडं बघत उभंच. त्याला ना मराठी कळते ना कन्नड, एकच शब्द ठरवा. आणि बाबांना कुंद्याऐवजी अंड्याचा तुकडा द्या, बसवायचं काम त्यांनाच जमतंय की!

धागाकर्ता
आभारी आहे. बाबा अंड्यावर राजी झाले, पण कुंद्याचा डबा अजून कपाटात वरच ठेवलाय. धनगरमामांना फोन केला, शनिवारी कळप राजहंसगडाच्या पायथ्याला आहे म्हणाले. लांबच्या बांधावर उभा राहतो. हार्नेस येईतो दोरी बांधून अंगणातच. एक विचारायचं राहिलं: झोपाळ्याच्या कडीची भीती घालवायला कडी हळू वाजवून तुकडा द्यायचा, की सध्या झोपाळाच काढून ठेवू?