वाडा उतरवला म्हणजे दुकानाचा हक्क संपला?

'महापालिकेने वाडा उतरवला की भाडेकरार आपोआप संपतो', असं भाड्याने दुकान चालवणाऱ्यांना कुणीतरी ठामपणे सांगतं. तसं नाही. महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली धोकादायक बांधकाम पाडू शकते, पण त्याने भाडेकरूचा हक्क मरत नाही; जागा पडली तरी जमिनीपुरता तो उरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितलंय. मालकाला कायमचं खाली करून हवं असेल तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 16 आहे, आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढावीच लागते.

खरी फसगत दुकानाच्या मोजमापात होते; जुनी जागा नेमकी किती होती, हे पाडल्यावर दाखवणं अवघड. पाडकामाची नोटीस लागली की त्याआधीच आतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंतची मापं इंजिनिअरकडून लिहून घ्या, शक्यतो पंचनाम्यात. रस्त्यावरचा ओटा आणि फळ्यांचा पोटमाळा वेगळा दाखवा, नंतर वाद नेमका त्यावरच होतो (पेठांतली दुकानं निम्मी पोटमाळ्यावरच चालतात!). सोबत शॉप अ‍ॅक्टचा दाखला, जुनी लाइट बिलं, भाडेपावत्या. मालक पावती देत नसेल तर भाडं बँकेतून पाठवा. थकबाकीची नोटीस आली तर 90 दिवसांच्या आत भरून टाका, नाहीतर मालक दावा लावू शकतो आणि पाडकामाआधी थकबाकीवरच दुकान जाऊ शकतं.