"मनात तसं काही नव्हतं" म्हटलं की सुटला का माणूस?

बांधावरचा (पारोळा):
काल भुसावळच्या एका भाऊंची पोस्ट वाचली तेव्हापासून डोकं फिरलंय. पोस्ट अशी: "बुद्धाने चेतनेलाच, म्हणजे करण्यामागच्या इराद्यालाच, कर्म म्हटलंय, तेव्हा नियत साफ ठेवा, मग हातून काही घडलं तरी मनाला लावून घेऊ नका, कर्म लागत नाही." खाली नुसते साधू साधू आणि जोडलेले हात. एकानेही विचारलं नाही की नियत साफ आहे हे ठरवणार कोण, ज्याच्या हातून घडलं तोच का?

अंगुत्तर निकाय ह्या पाली ग्रंथातलं ते वाक्य मलाही पाठ आहे, चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि. पण त्याच्या पुढचं कुणी म्हणत नाही, चेतयित्वा कम्मं करोति कायेन वाचाय मनसा. आधी चेतना, मग शरीराने, वाणीने, मनाने कर्म. म्हणजे काम उरकल्यावर द्यायची सफाई म्हणजे चेतना नव्हे, ती त्या कामातच असते.

माझे वडील अकरा वर्षं सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी होते एका बागायतदाराकडे. आखाजीला, अक्षय तृतीयेला, साल ठरायचं. एका वर्षी ऑगस्टमध्ये कपाशी छातीला लागलेली, बोंडअळीची फवारणी चालू, आणि पाठीवरचा पंप गळत होता. वडिलांनी दोनदा सांगितलं. मालक म्हणाला एवढी फवारणी होऊन जाऊ दे मग बघू. डब्यावर लाल त्रिकोण, तोंडाला बांधायला वडिलांचा स्वतःचाच रुमाल. तिसऱ्या दिवशी बांधावर पडले, तोंडाला फेस, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. सहा दिवस दवाखान्यात. मालक शहाळी घेऊन आला, खरंच रडला, म्हणाला माझ्या मनात तसं काही नव्हतं रे. खोटं बोलत नव्हता तो. आणि पुढच्या आखाजीला हिशोब झाला तेव्हा ते सहा दिवस खाडे म्हणून कापले.

आता सांगा, ह्या माणसाला कर्म लागलं का नाही? तुमच्या पोस्टप्रमाणे नाही लागलं.

लोको पायलट (भुसावळ):
पोस्ट माझीच आहे, नाव न घेता लिहिलंत तरी कळलं. वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तुमच्या रागापायी सिद्धांत वाकवू नका. प्राणातिपाताला, म्हणजे जीवहत्येला, पाच अंगं लागतात, प्राणी पाहिजे, तो प्राणी आहे ही जाणीव पाहिजे, मारायचं चित्त पाहिजे, प्रयत्न पाहिजे आणि त्याने मरण आलं पाहिजे. एक अंग कमी असलं तरी तो प्राणातिपात नाही, हे अट्ठकथेत, म्हणजे जुन्या पाली टीकेत, स्पष्ट आहे. धम्मपदाच्या पहिल्या गाथेची कथाच बघा, चक्खुपाल थेर आंधळे, रात्री पाऊस झालेला, पहाटे चंक्रमण करताना, म्हणजे ध्यानाच्या येरझाऱ्या घालताना, पायाखाली किडे मेले, इंदगोप, म्हणजे आपल्याकडे मृगाच्या पावसात निघतात ते लाल मखमली किडे. भिक्षूंनी तक्रार केली. बुद्ध म्हणाले मारायची चेतना नव्हती. विषय संपला.

आणि हे मी हवेत लिहिलं नाही. एकवीस वर्षं इंजिनावर आहे. एक माणूस रात्री पावणेतीनला रुळावर आडवा झाला, हेडलाईटमध्ये दिसला तेव्हा मी शिट्टी दिली, इमर्जन्सी ब्रेक टाकला. भरलेली मालगाडी पूर्ण ब्रेक लावला तरी जागेवर थांबत नाही हो, पाऊण किलोमीटर पुढे जाऊन उभी राहिली. उतरून मागे चालत गेलो. पुढे दोन वर्षं मला झोप नव्हती, पोराला मांडीवर घ्यायचो नाही, ह्याच हाताने हे वाटायचं. एका भंतेजींनी मला चक्खुपालाची गोष्ट सांगितली तेव्हा मी पहिल्यांदा रडलो. ती पोस्ट तेव्हाच्या माझ्यासारख्यासाठी होती. तुमच्या मालकासाठी नव्हती.

अमळनेरचा मास्तर:
दोघांचंही वाचलं. आमच्या गावात 1916 साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञानाची संस्था काढली, त्या गावचा म्हणून थोडं बोलतो, रागावू नका. अ‍ॅन्स्कम नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञ बाईंनी 1957 ला 'इंटेन्शन' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं, त्यातली एक गोष्ट इथे कामाची आहे. हेतू म्हणजे करताना मनात म्हटलेलं वाक्य नव्हे. हेतुपूर्वक केलेलं काम ते, ज्याला "का केलंस?" हा प्रश्न लागू पडतो. "मी ते करतोय हे मला माहीतच नव्हतं" असं उत्तर खरं असेल तर प्रश्नच गळून पडतो. आता लोको पायलट साहेबांना विचारा, का उडवलं माणसाला? प्रश्नच बसत नाही, ते तर थांबवत होते. मालकाला विचारा, गळका पंप का दिला? "माहीत नव्हतं" हे उत्तर त्याच्याकडे नाही, दोनदा सांगितलं होतं. त्याचं उत्तर आहे, फवारणी उरकायची होती. म्हणजे गळका पंप देणं हे त्याने हेतुपूर्वक केलं. दोन गोष्टी एकाच पोत्यात भरू नका.

ह्याच बाईंनी 1956 ला ऑक्सफर्डने ट्रुमनला मानद पदवी द्यायला विरोध केला होता, युद्ध लवकर संपवायचा हेतू होता म्हणून हिरोशिमा नागासाकी माफ होत नाही म्हणून.

लोको पायलट (भुसावळ):
मास्तर, गळका पंप देणं हेतुपूर्वक, मान्य. विष घालणं हेतुपूर्वक नाही. तुम्ही एकाचं दुसऱ्याच्या अंगावर ढकलताय. असं केलं तर आपण सरळ निगंठांच्या, म्हणजे त्या काळच्या जैन मुनींच्या, बाजूला जाऊन बसतो. मज्झिम निकायातलं उपालीसुत्त आठवा, निगंठ म्हणतात कायदंड, म्हणजे शरीराने केलेलं कर्म, सर्वात भारी, बुद्ध म्हणतात मनोकर्म. परिणाम बघूनच कर्म ठरवायचं असेल तर बुद्धाने वाद घातला कशाला?

धम्मगिरीला तीनदा:
हे सगळं पुस्तकी चाललंय. इगतपुरीला दहा दिवस बसून बघा, चेतना कुठे उठते ते अंगावर दिसतं. आधी वेदना, म्हणजे अंगावरची संवेदना, मग तृष्णा, आणि "मी ठरवलं" हे फार उशिरा येतं. लिबेट नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने 1983 ला प्रयोगात तेच दाखवलं, मेंदूत हालचाल अर्धा सेकंद आधी सुरू होते आणि माणसाला इच्छेची जाणीव साधारण 200 मिलीसेकंद आधी होते. मग हेतू हेतू म्हणून भांडता कशाला?

अमळनेरचा मास्तर:
दादा, त्या प्रयोगात लोक मनाला येईल तेव्हा मनगट हलवत होते. सालदाराला गळका पंप देणं म्हणजे मनगटाची हालचाल नाही, मध्ये दोन रात्री गेल्या होत्या.

शिरपूरची ताई:
चेतनेचं एवढं चाललंय तर मी बोलतेच, फार दिवस मनात आहे. आमच्या विहारात नऊ पंखे आहेत आणि नऊच्या नऊ पंख्यांच्या पात्यावर दात्याचं नाव रंगवलंय. वंदनेला बसलं की वर फिरतंय कोण, तर अमुक साहेब सेवानिवृत्त. पाण्याच्या टाकीवर नाव, स्टीलच्या ताटांवर नाव, परवा तर खिचडी वाढायच्या डावावर नाव बघितलं. माझ्या सासूबाईंनी बावीस वर्षं विहार झाडला, त्यांचं नाव कुठेच नाही. ही दानाची चेतना आहे का नावाची?

चाळीसगावकर:
ताई, नावाला नाव ठेवू नका. आमच्या चाळीसगावहून जवळच पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, तिथे पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाने, म्हणजे अत्तरवाल्याने, दान दिल्याचं कोरलंय, तिथल्या यक्षाच्या मूर्तीवर सोनार कण्हदासाने स्वतःचं नाव कोरलंय. अजिंठ्याला सोळाव्या लेण्यात हरिषेण वाकाटकाचा सचिव वराहदेव, त्याने तर राजाची अख्खी वंशावळ आणि स्वतःच्या वडिलांचं नाव पण लिहून घेतलं. नावं नसती तर आज आपल्याला काय कळलं असतं, लेणी कुणी कोरली ते?

शिरपूरची ताई:
कळलं असतं की नाही तो तुमचा अभ्यासाचा फायदा. मी देणाऱ्याच्या चित्ताचं विचारतेय.

चाळीसगावकर:
देणाऱ्याच्या चित्ताचं त्याच भिंतींवर लिहिलंय. अजिंठ्याला नंतरच्या किती तरी छोट्या दानलेखांत तेच ठराविक वाक्य आहे, हे अमुक शाक्यभिक्षूचं (बौद्ध भिक्षूचं) दान, ह्यात जे पुण्य असेल ते सर्व प्राण्यांना अनुत्तर, म्हणजे सर्वश्रेष्ठ, ज्ञान मिळण्यासाठी होवो. नाव आहे आणि पुण्य वाटून पण टाकलंय. तुमच्या पंख्यावाल्या साहेबांनी निदान पंखा दिला. बोलणाऱ्यांनी काय दिलं?

शिरपूरची ताई:
ओ भाऊ, कुणी काय दिलं ते काढू नका. मी अंगणवाडी सेविका आहे, माझं मानधन किती ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यातून जे देते त्यावर मी नाव टाकत नाही. आणि तुमच्या पंख्यावर 'सर्व प्राण्यांसाठी' असं कुठे लिहिलंय ते दाखवा, मी लगेच माफी मागते.

चाळीसगावकर:
बरं, ते नाही लिहिलेलं. ते लिहायला पाहिजे होतं, एवढं मान्य. पण नाव पुसा म्हणाल तर मी विरोध करणार. माझ्या आजोबांचं नाव आहे एका दरवाज्यावर, तो माणूस गिरणीत हमाल होता, त्याच्या नावाने गावात दुसरी कुठलीच वस्तू नव्हती. त्या दरवाज्याच्या पाटीवर स्वतःचं नाव वाचायला तो साठाव्या वर्षी अक्षरं शिकला. त्याची चेतना तुम्ही कशी मोजणार?

शिरपूरची ताई:
हे आधी सांगायचं ना. हमालाच्या नावाला मी कधीच काही म्हणणार नाही. सासूबाईंचं नाव कुठे टाकायचं तेवढं सांगा, झाडूवर टाकू का.

तापीकाठना भाऊ:
भो, तुमी पंखा पंखा काय करी ऱ्हायनात, तो पारोळाना भाऊ बापनं सांगी ऱ्हायना ते राहिनं बाजूले.

वकीलबाई (धुळे):
मूळ मुद्द्यावर येते. कायद्यात हेतू आणि निष्काळजीपणा वेगळे ठेवलेत. निष्काळजीपणाने जीव गेला तर आधी दंड संहितेचं 304अ होतं, दोन वर्षं शिक्षा, आता न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये पाच वर्षांपर्यंत. जीव जाऊनही हेतू नव्हता म्हणून खून होत नाही, पण सुटकाही होत नाही. मला कळत नाही की जे साधं कोर्टाला कळतं ते धम्माच्या चर्चेत इतकं अवघड का होतं.

निळं पाखरू (नंदुरबार):
कारण चर्चाच चुकीच्या टोकाला चाललीय. मालकाचं चित्त कसं होतं ह्यावर पस्तीस ओळी, आणि सालदाराला मास्क द्यायचा नियम कुणी पाळत नाही ह्यावर एक ओळ नाही. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा जास्त माणसं गेली, कुणाच्या मनात काही नव्हतं. बाबासाहेबांनी मागच्या जन्माच्या कर्माची भाषा नाकारली ती ह्याचसाठी, त्या भाषेने गरिबालाच त्याच्या गरिबीचा आरोपी केलं. आता तुम्ही चेतनेची भाषा वापरून मालकाला निर्दोष करताय. दोन्हीकडून मरतो तो पंपवालाच.

लोको पायलट (भुसावळ):
मी कुणाला निर्दोष केलं नाही! बाबासाहेबांना मध्ये आणून माझं तोंड बंद करू नका, 14 ऑक्टोबरला नागपूरला माझी आजी होती दीक्षेला, पोटुशी होती, मालगाडीत बसून गेली होती.

बांधावरचा (पारोळा):
थांबा, मी सुरू केलंय तर मीच बोलतो. लोको पायलट भाऊ, तुमची रुळावरची गोष्ट मला माहीत नव्हती. ती वाचल्यावर पहिल्या पोस्टमधला सूर मला आता बरोबर वाटत नाही. तुम्ही शिट्टी दिली, ब्रेक टाकला, तुमची चेतना ब्रेकच्या दांड्यावर दिसते की. तुम्हाला कर्म लागलं असं मी म्हणणार नाही, कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन.

पण मालकाचं सोडणार नाही. प्राणातिपात नव्हता, ठीक, तेवढं तुमचं मान्य. पण कर्म म्हणजे नुसता प्राणातिपात का? लोभ, द्वेष, मोह ही तीन मुळं आहेत ना. पंप दुरुस्तीला किती लागणार होते, वायसर आणि नळीचे पैसे आणि अर्धा दिवस. तो अर्धा दिवस वाचवायची चेतना होती, आणि दोनदा सांगूनही न बघायची. न बघणं हे आपोआप होत नाही, मान वळवावी लागते. मिलिंदपञ्ह ह्या पाली ग्रंथात मिलिंद राजाने नागसेन भिक्षूला विचारलं होतं, जाणून पाप करणारा मोठा पापी का न जाणता करणारा? नागसेन म्हणाला न जाणता करणारा, तापलेला लोखंडी गोळा माहीत नसताना धरला तर हात जास्त भाजतो. आणि आपल्या मुलाला, राहुलाला, बुद्धांनी आरशाची उपमा देऊन काय सांगितलं, काम करायच्या आधी बघ, करताना बघ, केल्यावर बघ, आपल्याला, दुसऱ्याला त्रास होतोय का. करताना बघ म्हटलंय. त्रास दिसला तर ते काम सोड म्हटलंय. अशोकाने बैराटच्या शिलालेखात जी थोडी सुत्तं वाचायला सांगितली त्यात राहुलाला केलेला हा उपदेश आहे.

बुद्धघोषाच्या अट्ठसालिनी ह्या टीकाग्रंथात चेतनेला शेतमालकाची उपमा आहे, पंचावन्न गडी घेऊन कापणीला जातो आणि त्यांच्याबरोबर स्वतः दुपटीने राबतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. बुद्धघोषाला चेतना सांगायला मालक सुचला, पण कापणीत उतरलेला.

लोको पायलट (भुसावळ):
मिलिंदपञ्हातला दाखला माझ्या विरोधात जातो, त्याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. शोधतो. चक्खुपाल मी सोडणार नाही पण, आणि परिणामावरून कर्म हे तर अजिबात मानणार नाही. "हातून काही घडलं तरी" ही ओळ मी पोस्टमधून काढतो. त्या जागी "सगळं करूनही जे थांबवता आलं नाही" असं लिहितो. बाकीची पोस्ट तशीच राहील, माझ्यासारखे आणखी आहेत लाईनवर, त्यांना ती लागते.

वडिलांची तब्येत आता कशी आहे?

बांधावरचा (पारोळा):
हात थरथरतात. कपात अर्धाच चहा देतो आम्ही.