बुटांवरची माती

न्यूझीलंडच्या एअरपोर्टवर ट्रेकिंगचे बूट तपासतात हे अतीच आहे असं कोणीतरी लिहिलंय, मला नाही पटत. तिथल्या कौरीच्या झाडांना मातीतून पसरणारा रोग लागलाय, मुळं कुजतात आणि शेकडो वर्षांचं झाड उभ्या उभ्या वाळतं, बरं करणारं खात्रीचं औषध अजून नाही. बुटाला चिकटलेली चिमूटभर माती पुरते, म्हणून ऑकलंडजवळच्या वायटाकेरेच्या जंगलात जाऊ नका असं तिथल्या मूळ रहिवासी माओरींनी डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केलं, मग २०१८ मध्ये ऑकलंडच्या कौन्सिलनेही (म्हणजे तिथल्या महापालिकेनेही) ते बंद केलं. आता ज्या वाटा उघडल्यात तिथेही बूट घासून, जंतुनाशक लावूनच आत सोडतात.

आपल्याकडे असंच बाहेरून आलेलं गाजर गवत १९५५च्या सुमारास पुण्यात दिसलं, तेव्हाच उपटलं असतं तर! आज देशभर माळरानं त्याने भरलीत आणि ते उपटणाऱ्यांच्या हाताला खाज, श्वासाला त्रास.