घरच्या गणपतीचे फोटो : आडवे काळे पट्टे, हिरवट चेहरा, पुसलेले हात

नवी_चौकट
मिररलेस कॅमेरा नवीन घेतला आहे, एपीएस-सी सेन्सरचा. सोबत आलेली १६-५० मिमी लेन्स आहे, एफ ३.५-६.३ (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा, लहान तितका प्रकाश जास्त). मूर्ती शाडूची, दीड फुटी. मखराला एलईडीच्या माळा, समोर समई आणि छताला पांढरी एलईडी ट्यूब. आरतीत खटखट नको म्हणून सायलेंट शटर ठेवलं होतं. बाकी सेटिंग असं : ५० मिमी, एफ ६.३, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४००, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटो.
फोटोत आडवे काळे पट्टे येतात, मूर्तीचा चेहरा हिरवट पिवळा दिसतो आणि दाणे (रवाळपणा) तर भरपूर. टाळ्या वाजवणाऱ्यांचे हातही पुसट. लेन्स बदलावी लागेल का?

तिसरा_थांबा
पट्ट्यांचा लेन्सशी काही संबंध नाही. आधी सायलेंट शटर बंद करा.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेचसे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंद होतात. डोळ्याला ते कळत नाही. सायलेंट मोडमध्ये सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. त्याला सेकंदाचा विसावा भाग लागला तर तेवढ्यात दिवा पाच वेळा मंद होतो, म्हणून पाच पट्टे. मेकॅनिकल शटरवर पट्टे खूप कमी होतात, पण १/२५० ठेवलंत तर एक फोटो उजळ, पुढचा काळवंडलेला, किंवा एकाच फोटोची खालची बाजू गडद, असं होत राहील.

शटर १/१०० ठेवा. त्यात दिव्याचं एक आवर्तन पूर्ण मावतं. १/५० ला दोन मावतात. शिवाय १/२५० वरून १/१०० वर आलात की अडीचपट प्रकाश मिळतो, म्हणजे ६४०० चा आयएसओ २५०० वर येतो. दाण्यांची निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

रंग बदलणाऱ्या किंवा डिमर लावलेल्या माळा मात्र वेगळ्याच वेगाने लुकलुकतात. त्यांना १/१०० चा नियम लागू पडेलच असं नाही. तिथे १/५० किंवा १/२५ करून पाहा, नाहीतर फोटोपुरती माळ स्थिर मोडवर ठेवा.

समईची_वात
रंगाचं कारण ट्यूब आहे. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका पिवळा. पांढरी ट्यूब साधारण ६५०० केल्विनची, वॉर्म माळा २७०० ते ३०००, आणि समईची ज्योत त्याहूनही पिवळी, २००० च्या आसपास. ऑटो व्हाइट बॅलन्स यांच्यामधला कुठलातरी आकडा धरतो, म्हणून मूर्तीची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी. स्वस्त ट्यूबची हिरवी छटा वर आणखी.

ट्यूब बंद करा. हे एक केलं तरी अर्ध्याहून जास्त काम होतं. मग व्हाइट बॅलन्स केल्विनवर नेऊन ३२०० ते ३५०० ठेवा. २७०० वर नेऊ नका, समईचा सगळा उबदारपणा निघून जातो आणि गाभारा दवाखान्यासारखा पांढरा दिसतो. फोटो रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा, म्हणजे रंग नंतरही सावरता येतो.

मखर पांढरं आणि उजळ असेल तर कॅमेरा त्याला भुलून मूर्ती काळोखी करतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ द्या. मागे गडद मखमल असेल तर उलट, -०.७.

पाटाखालची_रांगोळी
लेन्सबद्दल. माझ्या मते ५० मिमी एफ १.८ घ्यावी, आणि तीही आरतीसाठी. तुमच्या लेन्सच्या एफ ६.३ पेक्षा १.८ ला बारापट प्रकाश येतो. फक्त ती कायम १.८ वर ठेवू नका. दीड मीटरवरून १.८ ला जेमतेम साडेसहा सेंटीमीटर खोली स्पष्ट येते : सोंडेवर फोकस केला तर डोळे आणि कान पुसट. एफ ४ ला ही खोली १४ सेंटीमीटरच्या घरात जाते. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो मूर्तीच्या डोळ्यावर ठेवा.

१६ मिमीला जवळ जाऊनही काढू नका. सोंड आणि पोट पुढे येतं, मुकुट बारीक होतो आणि मूर्तिकाराने साधलेली सगळी प्रमाणं बिघडतात. मागे सरका, ५० मिमी ठेवा आणि कॅमेरा मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. मूर्ती चौरंगावर असेल तर त्यासाठी बहुतेक वेळा गुडघ्यावर बसावं लागतं.

तिसरा_थांबा
नुसत्या मूर्तीसाठी नवी लेन्स नको, ट्रायपॉड पुरे. आहे त्याच लेन्सवर एफ ८, आयएसओ २०० ठेवलं तर तुमच्याच प्रकाशात शटर १/५ सेकंदाच्या आसपास येईल. मूर्ती हलत नाही, आणि इतक्या वेळात दिव्याची वीस आवर्तनं मावतात, त्यामुळे पट्ट्यांचाही प्रश्न नाही. दोन सेकंदांचा टायमर लावा, स्टॅबिलायझेशन बंद करा आणि पंखा आठवणीने बंद करा. नाहीतर मूर्ती लख्ख, पण दूर्वा, हार आणि ज्योत पुसट.

हात पुसट येण्याबद्दल : तुमच्या १/२५० लाही टाळीचा हात पूर्ण थांबत नाही, १/१०० ला तर नाहीच. वेळ साधावी लागते. हात सर्वांत लांब जाऊन परत फिरतात तेव्हा क्षणभर थांबतात, बटण तेव्हा दाबा. झांजेचंही तसंच. सकाळच्या आरतीला खिडकी उघडी ठेवून दिवे बंद करता आले तर उत्तमच : दिवसाचा प्रकाश लुकलुकत नाही, त्यात १/५०० सुद्धा बिनधास्त चालतं. तेव्हा व्हाइट बॅलन्स मात्र ५५०० च्या आसपास न्या.

नवी_चौकट
ट्यूब आणि सायलेंट शटर बंद केलं, १/१०० ठेवलं. पट्टे गेले, चेहऱ्याचा रंग खूपच सुधारला. पण जास्वंद नुसता लाल ठिपका दिसतो, पाकळ्याच दिसत नाहीत. हिस्टोग्राम (फोटोत गडद ते उजळ भाग किती, याचा आलेख) तर मधोमध आहे.

समईची_वात
तो एकत्र हिस्टोग्राम आहे. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा लावा. लाल उजव्या भिंतीला टेकलेला दिसेल. वॉर्म दिव्यांत लाल प्रकाशच जास्त, त्यात फूलही लाल, म्हणून तो रंग सर्वांत आधी भरून जातो आणि पाकळीच्या शिरा पुसल्या जातात. शेंदूर आणि लाल पितांबराचंही हेच होतं.

पिक्चर प्रोफाइल व्हिव्हिड असेल तर न्यूट्रल करा आणि एक्स्पोजर तिथून दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा) खाली आणा. मूर्ती थोडी गडद येईल, ती रॉमधून उचलता येते. भरून गेलेला लाल मात्र परत येत नाही. आणि जास्वंदीवर प्रकाश समोरून न येता बाजूने पडू द्या, समई अर्धा फूट डावीकडे सरकवली तरी पाकळीच्या घड्या दिसू लागतात.