‘पाला पडला’ आणि ‘ऊती गोठली’: हे मराठीत चालेल का?

प्रश्नकर्ता, ग्वाल्हेर: शून्याखालच्या तापमानात वनस्पतींच्या ऊती कशा तगतात, याचे गणिती प्रतिमान मांडणाऱ्या एका लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. ‘पाला (कडाक्याच्या थंडीत पानांवर धरणारा बर्फ) पडूनही काही झाडे जगतात’ हे माझे वाक्य संपादकांनी ‘पाने गळूनही’ असे बदलले. आम्ही ग्वाल्हेरकर तर घरातही ‘रात्री पाला पडला, मटार गेला’ असेच म्हणतो. दुसरी अडचण अधिक खोल आहे. बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या पोकळ्यांत धरतो आणि पेशीतले पाणी बाहेर ओढतो. त्यामुळे पेशी आकसते, परंतु तिच्या आतला रस द्रवच राहतो. याला ‘ऊती गोठली’ म्हणावे का?

वडोदरा: पाला हा हिंदी शब्द आहे, मराठीत पाला म्हणजे पाने. आमच्याकडे गुजरातीच्या सहवासाने ‘हिम पडले’ म्हणतात आणि ते कोणालाही कळते.

इंदूर: हिम म्हटले की वाचकाला हिमालयातला बर्फ दिसतो, शेतातल्या पानांवर धरलेला नव्हे. शिवाय हिंदीतला पाला संस्कृत ‘प्रालेय’वरून आलेला आहे. शुद्धतेच्या नावाखाली तो नाकारायचा असेल, तर आपण नेमके काय शुद्ध करीत आहोत, हे मला कळत नाही. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांचा शब्द मराठी का नाही?

वडोदरा: वापर मान्य, पण छापील लेख सोलापुरातही वाचला जातो. ‘गोठणे’वरून केलेले ‘गोठण’ही मला खटकते, कारण गोठण म्हणजे गुरांची विसाव्याची जागा.

इंदूर: ‘गोठणबिंदू’ शाळेच्या पुस्तकांतून रुळला आहे आणि तो वाचताना कोणालाही गुरे आठवत नाहीत.

वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका, ग्वाल्हेर: गोठणे आणि थिजणे यांत माझी पसंती गोठण्यालाच आहे, कारण तूप थिजते, पाणी गोठते. पण काय गोठले, ते वाक्यात आलेच पाहिजे. उणे ५ अंशांना बर्फाची ओढ सुमारे ६० वातावरणांच्या दाबाइतकी असते. म्हणून सावकाश थंड होणारी पेशी गोठण्याऐवजी सुकते आणि तिचा उरलेला रस दाट झाल्यामुळे त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. पेशीपटलातून पाणी किती वेगाने बाहेर पडते आणि तापमान किती वेगाने उतरते, यांची ही शर्यत असते. थंडी झपाट्याने उतरली, तर पाणी आतच अडकून बर्फ होते आणि पेशी मरते. ‘आंतरपेशीय बर्फ’ आणि ‘अंतःपेशीय बर्फ’ हे शब्द कृपया टाळावेत. पहिला पेशींच्या मधला, दुसरा पेशीच्या आतला. एका अक्षराच्या चुकीने जगलेले झाड मेलेले ठरते.

प्रश्नकर्ता: मग ‘पेशीबाहेरचा बर्फ’ असेच लिहितो.

वडोदरा: शास्त्रीय लेखात ‘पेशीबाह्य’ हवे.

इंदूर: ‘बाहेरचा’ अशास्त्रीय कसा? आणि पाल्याचे काय ठरले?